फीत किंचाळू लागली तर

तुमच्या आजोबांच्या भजनांच्या ध्वनिफितींची रिळे बेळगावातील माळ्यावर कित्येक पावसाळे पडून आहेत, म्हणून वाजवताना फीत किंचाळू लागली आणि हेडवर, म्हणजे फितीवरील आवाज वाचणाऱ्या यंत्राच्या भागावर, तपकिरी चिकट थर दिसला, तर यंत्र तत्काळ थांबवा. १९७० आणि १९८० च्या दशकांतील, मागील बाजूस काळा लेप असलेल्या अनेक पॉलिएस्टर फितींमधील चिकटद्रव्य हवेतील ओलाव्याने विघटित होते. अशी फीत तापमान स्थिर राखणाऱ्या उपकरणात सुमारे ५४ अंश सेल्सिअसला किमान ८ तास सुकवली, तर ती काही आठवडे वाजवण्याजोगी होते. स्वयंपाकघरातील ओव्हन यासाठी मुळीच वापरू नका. ॲसिटेट या वेगळ्या प्लास्टिकची फीत मात्र कधीही तापवू नये. रीळ उजेडासमोर धरल्यास गुंडाळलेल्या फितीतून प्रकाश आरपार येतो, ही तिची ओळख.

गाण्यामागे उलटा आवाज ऐकू आला, तर घाबरू नका; फितीच्या दुसऱ्या दिशेचे ध्वनिमुद्रणही तुमचे हेड वाचत असते. आवाज नुसताच बोदा असेल, तर फीत काढून हेड आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, ते वाळू द्या आणि मग टाळांचा नाद सर्वाधिक स्वच्छ ऐकू येईपर्यंत प्रत्येक रिळासाठी हेडचा कोन, म्हणजे ॲझिमथ, नव्याने जुळवा.