तीन हजारांत जुनी अकूस्टिक गिटार मिळतेय, शिकायला घेऊ का?

मान, म्हणजे बोटं दाबायचा लांब दांडा, सरळ असेल तर जरूर घ्या. ओरखडे, उडालेलं पॉलिश यांनी आवाज बिघडत नाही. मान तपासायला सगळ्यात जाड तार पहिल्या आणि चौदाव्या फ्रेटवर (फ्रेट म्हणजे मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या) एकाच वेळी दाबून धरा. सातवी फ्रेट आणि तार यांच्यामध्ये जाडसर कागद जाईल एवढीच फट हवी. थोडी जास्त असेल तर ट्रस रॉड (मानेच्या आतली धातूची सळई) फिरवून मान सरळ करता येते. ट्रस रॉडच नसेल आणि मान वाकलेली असेल, तर फुकट मिळाली तरी नको.

ब्रिज म्हणजे गिटारच्या अंगावर चिकटवलेली, तारा अडकवायची पट्टी; तिच्या मागच्या कडेखाली कागद सरकत असेल तर ब्रिज सुटायला लागलाय.

बाराव्या फ्रेटपासून तारेची उंची अडीच मिलिमीटरच्या आसपास असावी. चार-पाच असेल तर बोटं सोलवटतात, आणि कितीतरी नवशिके ‘मला जमत नाही’ म्हणून गिटार खुंटीला टांगतात. मला याचं फार वाईट वाटतं, कारण बहुतेकदा चूक त्यांची नसते. दुरुस्ती करणारा सॅडल (ब्रिजवरची, तारा टेकतात ती छोटी पट्टी) घासून उंची कमी करून देतो, तेवढे पैसे बाजूला ठेवा.

घरी आणल्यावर तारा बदलाच, सगळ्यात बारीक तार ०.०११ इंच जाडीची असलेला हलका संच घ्या. नायलॉनच्या तारांची गिटार असेल तर तिला स्टीलच्या तारा कधीच लावू नका, त्या ताणाने ब्रिज उखडतो.