‘लग्न झालंय का गं तुझं?’

‘शिकाऊ समुपदेशकाकडे जावं का? तिला आपलं काय कळणार?’ मी स्वतः शिकाऊ समुपदेशक, म्हणून लोक हा प्रश्न मला आडून आडून विचारतात. माझ्याकडे आलेल्या एका काकूंनी तर खुर्चीत टेकल्या टेकल्या विचारलं, "लग्न झालंय का गं तुझं?"

मी गडबडले. "नाही, पण एम.ए. मानसशास्त्राचं दुसरं वर्ष आहे," असं काहीबाही बोलत पदव्या मोजायला लागले. नाशिकात औषधाच्या दुकानात सात वर्षं फार्मासिस्ट म्हणून काम केलंय, हेही सांगून टाकलं. ते ऐकून काकू खुलल्या. "मग झोपेची गोळी दे की!"

समुपदेशकाला औषध देता येत नाही, ते मानसोपचारतज्ज्ञांचं काम, हे मी समजावलं. पण काउंटरची सवय जाते थोडीच! चिठ्ठी वाचायची, पट्टी कापायची, पुढचं गिऱ्हाईक. दुसऱ्याच भेटीत मी अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिसचा तक्ता काढून दिला: घटना, त्यावरचा आपला विचार, त्यातून आलेली भावना. १९५५ पासून चालत आलेली ही विवेकनिष्ठ पद्धत (भावना बदलायला आधी विचार तपासायचा) मानसशास्त्रज्ञ कि. मो. फडक्यांनी मराठी माणसांपर्यंत आणली, माझी ती आवडती. काकूंनी कागद घडी घालून पर्समध्ये ठेवला. पुढच्या आठवड्यात तो परत आला तेव्हा तक्ता कोरा होता आणि मागच्या बाजूला दुधाचा हिशोब.

आमची प्रत्येक केस वरिष्ठ मार्गदर्शकांसमोर, नाव न सांगता, मांडावी लागते. हिशोबाचं ऐकून माझ्या मार्गदर्शक बाई खूप हसल्या. मग म्हणाल्या, "तिने तुझी पात्रता विचारली नव्हती गं. तिला काही तरी सांगायचंय, आणि ते तुला पेलेल का, ते ती बघत होती."

पुढच्या भेटीत मीच विषय काढला. "काकू, मला संसाराचा अनुभव नाही. मला कळणार नाही असं काही आहे का?"

बराच वेळ त्या पदराचं टोक पिळत राहिल्या. मी गप्प बसले. मला ते फार जड जातं. मग त्या बोलल्या. चार वर्षं सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या, सगळं काकूच करतात. एका पहाटे तिसऱ्यांदा चादर बदलताना तोंडातून गेलं, "सुटा आता एकदाच्या!" सासूबाईंनी नुसतं पाहिलं. झोप उडाली ती त्या दिवसापासून.

तक्ता त्यानंतर दोन भेटींनी बाहेर आला, तोही काकूंच्या शब्दांत. ‘मी ओरडले’ ही घटना. ‘मी वाईट सून आहे’ हा त्यावर काकूंनीच दिलेला निकाल. ओरडणं चुकलं हे मान्य करूनही तो निकाल खोडता येतो का, यावर आम्ही तासभर भांडलो म्हटलं तरी चालेल.

तेव्हा शिकाऊ समुपदेशकाकडे जावं का? जा, पण विचारून घ्या: मार्गदर्शक कोण, आपलं बोलणं कोणाकोणापुढे जाणार, कुठल्या प्रसंगी गुप्तता मोडली जाईल. जिवाला धोका असेल तर आम्ही गप्प राहत नाही, हे मी पहिल्याच दिवशी सांगते. लग्नाचंही विचारा. थोडा राग येतो, पण ते आमचं आम्ही बघू.

काकूंकडे आता दुपारी दोन तास सासूबाईंचं बघायला एक मावशी येतात. (ओळख पटेल असे तपशील मी बदललेत.) तेवढा वेळ काकू दार लोटून झोपतात. रात्रीची झोप अजून तुटकच आहे.