नैरोबीत काय केलं, निफाडला काय करता येईल

वाचकांचे प्रश्न : वकिलीतल्या स्त्रिया

प्रश्न : कॉर्नेलिया सोराबजी नाशिकच्या, हे आम्ही वर्गात अभिमानाने सांगतो. आफ्रिकेतही अशा पहिल्या वकील स्त्रिया होऊन गेल्या असतीलच. की तिकडे हे आपल्यापेक्षा फार उशिरा घडलं?
– एक शिक्षिका, गंगापूर रोड

उत्तर : उशिरा नाही. दक्षिण आफ्रिकेत तर सालसुद्धा तेच. सोराबजींचा जन्म 1866 चा. ऑक्सफर्डला कायद्याची परीक्षा त्यांनी 1892 मध्ये दिली, पण स्त्रियांना वकिलीची मुभा देणारा कायदा आपल्याकडे 1923 मध्ये झाला. दक्षिण आफ्रिकेतला असाच कायदाही 1923 चा. त्याआधी तिथे सोंजा श्लेसिन यांनी अर्ज केला होता. गांधीजींच्या जोहान्सबर्गच्या कचेरीत त्या सेक्रेटरी होत्या. त्यांना शिकाऊ वकील म्हणून नोंदवून घ्यायला ट्रान्सवालच्या कोर्टाने 1909 मध्ये नकार दिला. 1912 मध्ये मॅडलिन वूकी अपील कोर्टापर्यंत गेल्या आणि हरल्या.

पण 1923 च्या कायद्याचा उपयोग प्रत्यक्षात झाला तो गोऱ्या बायकांना. पहिली कृष्णवर्णीय स्त्री अ‍ॅटर्नी, डेझिरे फिंका, 1967 मध्ये झाली. म्हणजे मधली 44 वर्षं गेली. त्याच वर्षी डर्बनमध्ये भारतीय वंशाच्या नवी पिल्लै यांनी स्वतःचं ऑफिस थाटलं, कारण गोऱ्या फर्म त्यांना कामावर घेईनात.

पश्चिम आफ्रिकेची वाट वेगळी. स्टेला थॉमस 1933 मध्ये लंडनला बॅरिस्टर झाल्या आणि 1943 मध्ये नायजेरियात मॅजिस्ट्रेट. घानाच्या अ‍ॅनी जियाग्गे 1961 मध्ये हायकोर्टात न्यायाधीश झाल्या. आपल्याकडे अ‍ॅना चंडी यांना ते पद 1959 मध्ये मिळालं होतं. दोनच वर्षांचा फरक. जियाग्गे यांचं नाव लक्षात ठेवा, शेवटच्या प्रश्नात ते पुन्हा लागणार आहे.

प्रश्न : घाना, नायजेरिया, केनिया, दक्षिण आफ्रिका, सगळीकडे सरन्यायाधीशपदी स्त्रिया आल्या. मग तिथला प्रश्न सुटला म्हणायचा का?
– एक वकील, नाशिक रोड

उत्तर : यादी खरी आहे. जॉर्जिना वुड 2007, अलोमा मुख्तार 2012, मार्था कूमे 2021, मंडिसा माया 2024. आपल्याकडे अजून एकही नाही. तरी सर्वोच्च खुर्चीवर कोण बसलं, यापेक्षा न्यायाधीश निवडतो कोण, हे आधी बघावं. इथे केनियाकडून शिकण्यासारखं बरंच आहे.

2010 च्या केनियाच्या राज्यघटनेत न्यायाधीश निवडणाऱ्या न्यायिक सेवा आयोगाची रचना कलम 171 मध्ये आहे. हायकोर्टाचा एक न्यायाधीश आणि एक मॅजिस्ट्रेट, पैकी एक स्त्री, एक पुरुष, आणि त्यांना निवडायचं न्यायाधीश-मॅजिस्ट्रेटांच्या संघटनेने. किमान 15 वर्षं अनुभवाचे दोन वकील, तेही एक स्त्री, एक पुरुष; त्यांना वकिलांनीच मतदानाने निवडायचं. जनतेचे दोन प्रतिनिधी, पुन्हा एक स्त्री, एक पुरुष. प्रत्येक जागेपुढे ती कोणाची आणि कोण भरणार, हे लिहून ठेवल्यामुळे पळवाटच उरली नाही.

त्याच घटनेतला दुसरा नियम मात्र अडकला. निवडलेल्या वा नेमलेल्या कोणत्याही मंडळात दोन-तृतीयांशापेक्षा जास्त सदस्य एकाच लिंगाचे नसावेत, असं कलम 27 म्हणतं. संसदेत तूट पडली तर ती कोणी भरून काढायची, हे ठरवणारा कायदा संसदेने केलाच नाही. सरन्यायाधीश डेव्हिड मरागा यांनी सप्टेंबर 2020 मध्ये राष्ट्राध्यक्षांना संसद बरखास्त करण्याचा सल्ला दिला. संसद जागेवरच राहिली.

दक्षिण आफ्रिकेत कलम 174 फक्त एवढंच सांगतं की नेमणुकीच्या वेळी वंश आणि लिंग यांचं समाजातलं प्रमाण विचारात घ्यावं. शिवाय तिथे कायम नेमणुकीआधी काही काळ हंगामी न्यायाधीश म्हणून काम केलेलं असावं, अशी अपेक्षा असते. ती संधी मुख्यतः त्या कोर्टाच्या प्रमुखाच्या मर्जीने मिळते आणि त्यासाठी काही आठवडे, कधी महिने, वकिली बंद ठेवावी लागते. एकटीच्या मिळकतीवर घर चालत असेल तर हे परवडत नाही. मोठ्या कंपन्यांचे आणि कराचे दावे स्त्रियांकडे कमी येतात. मग मुलाखतीत ‘व्यापारी खटल्यांचा अनुभव?’ असं विचारलं की सांगायला थोडंच असतं. तिथल्या मुलाखती जाहीरपणे होतात, हे चांगलंच आहे, पण खरी चाळणी त्याच्या कितीतरी आधी लागलेली असते.

प्रश्न : आमच्या तालुका वकील संघात एक ‘महिला प्रतिनिधी’ असते. बाकी पदं पुरुषांकडे. बदलायचं तर सुरुवात कुठून करावी?
– एक ज्युनिअर वकील, निफाड

उत्तर : आधी संघाची घटना मिळवा. पदाधिकारी देत नसतील आणि संघ विश्वस्त संस्था म्हणून नोंदलेला असेल, तर धर्मादाय कार्यालयातून प्रमाणित प्रत मागा. घटनादुरुस्तीचं कलम, सभेच्या नोटिशीचे दिवस, गणपूर्ती आणि लागणारं बहुमत, एवढं वाचलं की पुरे.

ठराव लिहिताना केनियाचा धडा वापरा. ‘महिलांना योग्य प्रतिनिधित्व’ असलं काही लिहू नका. कोणतं पद, कोणत्या सालापासून, फिरतं की कायम, आणि उमेदवार न मिळाल्यास काय, हे चारही लिहा. चौथं सुटलं की रिकामी जागा परस्पर ‘सर्वसाधारण’ होते. आधार म्हणून सर्वोच्च न्यायालयाचा मे 2024 चा आदेश जोडा : त्या न्यायालयाच्या बार असोसिएशनच्या कार्यकारिणीत 9 पैकी 3 आणि ज्येष्ठ सदस्यांत 6 पैकी 2 जागा स्त्रियांना, शिवाय 2024 च्या निवडणुकीत खजिनदारपदही. तो आदेश तुमच्या संघावर थेट बंधनकारक नाही, पण सभेत वजन पडतं. आमचं मत विचाराल तर शोभेच्या उपाध्यक्षपदापेक्षा खजिनदारपद मागा. चेकवर सही त्याची असते.

मतदारयादी आताच तपासा. बाळंतपणात वर्गणी थकते आणि नाव गळतं. लग्नानंतर सनदेवर एक आडनाव, यादीत दुसरं, असंही होतं. निवडणूक लागल्यावर हे दुरुस्त करायला वेळ मिळत नाही. आणि जोडीला एक वही ठेवा : कोर्ट कमिशनर आणि विधी सेवेच्या पॅनलवरची कामं तीन महिन्यांत कोणाकोणाला गेली, एवढंच. सभेत भाषणापेक्षा ही वही जास्त बोलते.

प्रश्न : सीनियरच्या ऑफिसात आम्ही चारच जण आहोत. तिथे छळ झाला तर तक्रार कुठे करायची? स्टायपेंडही नाही, म्हणजे मी कर्मचारी धरली जाते का?
– नाव नको, इंदिरानगर

उत्तर : कामाच्या ठिकाणी स्त्रियांचा लैंगिक छळ रोखणाऱ्या 2013 च्या कायद्यातल्या कर्मचाऱ्याच्या व्याख्येत बिनपगारी शिकाऊ उमेदवारही येतात. समोरून ‘ही कर्मचारी नाही’ असा बचाव होऊ शकतो, म्हणून तुम्ही तिथे काम करता हे दाखवणारी वकीलपत्रं, मेसेज, तारखांची डायरी आधी सांभाळून ठेवा. दहापेक्षा कमी माणसं असलेल्या जागेची तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाते. तिचा पत्ता जिल्हा महिला व बालविकास अधिकाऱ्यांच्या कार्यालयात विचारा. घटनेपासून, किंवा प्रकार चालू असेल तर शेवटच्या घटनेपासून, तीन महिन्यांत लेखी तक्रार द्या. उशीर झाला असेल तर कारण लिहा. समिती आणखी तीन महिन्यांपर्यंत मुदत वाढवू शकते. तक्रारीच्या सहा प्रती, कागदपत्रं आणि साक्षीदारांची नावं-पत्ते लागतात. पोच घ्यायला विसरू नका. चौकशी 90 दिवसांत पुरी व्हायला हवी.

आता जियाग्गे. स्त्रियांविरुद्धचा भेदभाव संपवण्याच्या संयुक्त राष्ट्रांच्या 1967 च्या जाहीरनाम्याच्या मसुद्यात त्यांचा मोठा वाटा होता. त्यातून 1979 चा आंतरराष्ट्रीय करार आला. भारताने तो 1993 मध्ये मान्य केला, त्याच्या आधारे 1997 मध्ये कामाच्या ठिकाणच्या छळाविरुद्धचा सर्वोच्च न्यायालयाचा विशाखा निकाल लागला, आणि त्या निकालातून 2013 चा हा कायदा.