आतड्याच्या मोठ्या ऑपरेशनला चार आठवडे आहेत आणि सीआरपी (शरीरातला दाह, म्हणजे आतली सूज, दाखवणारी रक्तचाचणी) 18 आलाय. अशात व्यायाम सुरू करावा का?

हो, ताप नसेल आणि सर्जन व भूलतज्ज्ञांची हरकत नसेल तर आजपासूनच करा. शरीरात दाह धुमसत असला की स्नायूंतली प्रथिनं भराभर तुटतात, यकृत अल्ब्युमिन (रक्तातलं एक मुख्य प्रथिन) कमी बनवतं, हिमोग्लोबिनही घसरतं. त्यामुळे सीआरपी 10 मिलिग्रॅम प्रति लिटरच्या वर असणाऱ्यांचा दमसास बऱ्याचदा कमी भरतो. भूलतज्ज्ञ तो मास्क लावून, सायकल मारायला लावून मोजतात. ॲनेरोबिक थ्रेशोल्ड (मेहनत वाढवताना शरीराला ऑक्सिजन अपुरा पडू लागतो तो टप्पा) वजनाच्या किलोमागे मिनिटाला 11 मिलिलिटर ऑक्सिजनच्या खाली आला तर जोखीम जास्त धरतात, पण चार आठवड्यांत हा आकडा सुधारू शकतो.

- आठवड्यातून निदान तीन दिवस 30 मिनिटं भरभर चाला. बोलता यावं, पण गाणं म्हणता येऊ नये, इतका वेग.
- दोन दिवस हाताचा आधार न घेता खुर्चीतून 10 वेळा उठा-बसा, अशा दोन-तीन फेऱ्या.
- प्रथिनं रोज किलोमागे 1.2 ते 1.5 ग्रॅम. इथेच बहुतेकांचं चुकतं. खाणं कमी पडलं तर मेहनत करूनही स्नायू भरत नाहीत. मूत्रपिंडाचा आजार असेल तर हे प्रमाण डॉक्टरांनाच ठरवू द्या.

व्यायामाने सीआरपी उतरेलच असं मात्र नाही. तो पोटातल्या गळूमुळे किंवा दुसऱ्या संसर्गामुळे वाढला असेल तर आधी त्यावर उपचार, चालणं नंतर.