हॉलमध्ये मानवी शरीराची जुनी ऍनाटॉमीची चित्रं लावायची आहेत. कुठली निवडू? आणि घरचे ‘अशुभ’ म्हणतात, त्यांना काय सांगू?

लावा. घरच्यांना काय सांगायचं ते मात्र मला विचारू नका. आमच्याकडे तो वाद बारा वर्षं चाललाय आणि मी हरतोय.

माझे वडील एका मेडिकल कॉलेजच्या ऍनाटॉमी डिपार्टमेंटला आर्टिस्ट होते. असं पद असतं हेच पुष्कळांना ठाऊक नसतं. डिसेक्शन हॉलशेजारच्या खोलीत बसून 31 वर्षं त्यांनी चार्ट काढले. कापडावर चिकटवलेला जाड कागद, वर-खाली लाकडी दांडे, धमनी लाल, शीर निळी, नर्व्ह पिवळी. समोर ट्रेमध्ये फॉर्मॅलिनमधून काढलेला खरा हात. घरी आले की आधी आंघोळ, मग स्वयंपाकघर, तरी शर्टाला वास राहायचाच. पुढे प्रोजेक्टर आले, चार्ट माळ्यावर गेले. भंगार काढलं त्या दिवशी तिथल्या शिपायाचा फोन आला, “दादांचे चार्ट चाललेत.” रिक्षा करून पोचेपर्यंत एकच उरला होता, तळहाताचा.

तो फ्रेमला दिला. फ्रेमवाल्याने माउंट, म्हणजे चित्राभोवतीची पुठ्ठ्याची चौकट, असा कापला की कोपऱ्यातली वडिलांची सही झाकली गेली. सही कसली, शिसपेन्सिलीने तांदळाच्या दाण्याएवढं नाव. चार्टवर नाव घालायची पद्धत नव्हती, म्हणून लपवून केलेलं. “सही दिसली की चित्र एका बाजूला ओढल्यासारखं वाटतं,” म्हणाला. माउंटचे पैसे दुसऱ्यांदा भरले, सही बाहेर काढली. मग घरी जेवायला आलेले आमचे भावोजी, हे सर्जन, चार्टकडे बघून म्हणाले, “हे तर ग्रेज्‌वरून उतरवलंय. यात कला कसली?” ते फर्स्ट एमबीबीएस त्याच कॉलेजात झाले, बहुधा त्याच चार्टवर.

बरं, ग्रेज्‌च घेऊ, म्हणजे ‘ग्रेज्‌ ऍनाटॉमी’, हेन्री ग्रेचं डॉक्टरीच्या अभ्यासाचं प्रसिद्ध पुस्तक. 1858 च्या पहिल्या आवृत्तीतली चित्रं हेन्री ग्रेने काढलीच नव्हती. ती काढली हेन्री व्हॅनडाइक कार्टरने, लाकडी ठोकळ्यांवर, छापल्यावर सुलट यावीत म्हणून उलटी. त्याची खरी करामत म्हणजे अवयवाचं नाव त्या अवयवावरच लिहिणं. ‘अ’ म्हणजे काय, ‘ब’ म्हणजे काय हे खाली शोधत बसायला नको. वडिलांच्या चार्टवरही मीडियन नर्व्हचं नाव नर्व्हच्या वळणाने वळत जातं. उतरवलं म्हणायचं तर म्हणा, पण वळणावर अक्षर बसवून दाखवा. कार्टरला एकदाच 150 पौंड मिळाले. ग्रेला दर हजार प्रतींमागे तेवढे. मुखपृष्ठाच्या आतल्या पानावर कार्टरचं नाव बारीक टायपात. त्याच वर्षी तो मुंबईला आला, ग्रँट मेडिकल कॉलेजात ऍनाटॉमी शिकवली, कुष्ठरोगावर काम केलं. मुंबईत किती जणांना माहीत आहे?

तर, तुमचं. मोठ्या भिंतीला व्हेसालियस या शरीरशास्त्रज्ञाच्या पुस्तकातले स्नायूपुरुष घ्या, 1543 साली स्वित्झर्लंडमधल्या बाझलला छापलेले. कातडी सोललेली माणसं डोंगर-गावांच्या पार्श्वभूमीवर ऐटीत उभी. पानं शेजारी-शेजारी ठेवली की मागचा देखावा जोडला जातो. पुढच्या पुढच्या चित्रात स्नायू लोंबत जातात, ते बघून सासूबाई काय म्हणतील ते तुम्ही बघा. चित्रकाराचं नाव त्या पुस्तकातही नाही, पंडित अजून भांडतायत. माझ्या मते मात्र सगळ्यात देखणी वान्डेलारची ताम्रपटावर कोरून छापलेली चित्रं, अल्बिनस या शरीरशास्त्रज्ञाच्या अॅटलासातली, म्हणजे शरीराच्या चित्रांच्या पुस्तकातली, 1747, हॉलंडमधलं लायडन. सांगाड्यामागे एक गेंडा चरतोय. ती क्लारा, हिंदुस्थानातून 1741 साली हॉलंडला नेलेली गेंडी. पाहुणे आधी गेंडा बघतात, मग हाडं. अशुभाचा प्रश्न निम्मा तिथेच सुटतो.

कार्टरची चित्रं पुस्तकाच्या पानाला काढलेली, तीन फुटी करू नका. लंडनच्या वेलकम कलेक्शनसारख्या संग्रहांचे मोठे स्कॅन फुकट मिळतात, ते मॅट कागदावर छापा. चहा सांडल्यासारखा पिवळेपणा चढवून विकतात ते भिकार. जुन्या पुस्तकातली फाडलेली पानं तर मुळीच घेऊ नका. आणि ताम्रपटाच्या चित्रांना खालच्या कडेला, बारीक अक्षरांत चित्रकाराचं आणि कोरणाऱ्याचं नाव असतं; फ्रेमवाल्याला ते झाकू देऊ नका, त्याने कितीही शहाणपण शिकवलं तरी.

एक राहिलंच. व्हिएन्नाच्या पेर्नकोफ या नाझी शरीरशास्त्रज्ञाच्या अॅटलासातलं काही लावू नका. चित्रं अप्रतिम आहेत, पण त्यातली पुष्कळ नाझींनी मारलेल्या माणसांच्या प्रेतांवरून काढलेली असावीत. बाकीच्यांतही मृतदेह बहुतेक गरिबांचे, बेवारशांचे नाहीतर फाशी गेलेल्यांचे, तेवढं मनात असू द्या. घरात लहान मूल असेल तर हात किंवा कान लावा, चेहरा नको.

आमचा चार्ट गेल्या दिवाळीत हिने हॉलमधून पॅसेजमध्ये हलवला. तिथे उजेड नाही, सही वाचायला मोबाइलचा टॉर्च लावावा लागतो. भावोजी आले की मी लावतो.