हॅमस्टरची जोडी घ्यावी का?

प्रश्न: माझी मुलगी नऊ वर्षांची आहे, वाढदिवसाला हॅमस्टरच हवा म्हणून हट्ट धरून बसलीय. दुकानदार म्हणाला एकटा कंटाळेल, जोडीच घ्या, सोबत छोटा तारेचा पिंजरा देतो. आम्ही नागपूरला राहतो, वरचा मजला. काय करू?

उत्तर: ताई, जोडी अजिबात घेऊ नका. दुकानात दिसतो तो मोठा सोनेरी हॅमस्टर म्हणजे सीरियन, आणि तो मोठा झाला की एकटाच राहणारा प्राणी आहे, त्याला कंटाळा येत नाही, दुसरा समोर आला की राग येतो. मी पहिल्यांदा दोन बहिणी आणल्या होत्या, दुकानात एकमेकींवर डोकं ठेवून झोपायच्या म्हणून, आणि दोनेक महिन्यांच्या झाल्यावर एका सकाळी एकीचा कान फाटलेला आणि भुश्यावर रक्त, मला अजून ते आठवलं की वाईट वाटतं. आणि नर-मादी निघाले तर बघायलाच नको, सीरियन मादी 16 दिवसांत पिल्लं देते!

पिंजरा मात्र मोठा हवा. निदान 100 बाय 50 सेंटीमीटर जागा, खाली वीतभर तरी जाड थर, कारण त्याला बिळं खोदायची असतात. थरासाठी कागदाचा चुरा किंवा बिनवासाचे टिश्यू फाडून घाला, देवदारचा वासाचा भुसा आणि कापूस नको, कापसाचे धागे पायात अडकतात. चाक 28 सेंटीमीटरच्या आसपास आणि पट्टी सलग असलेलं, जाळीचं नको. छोट्या चाकात पाठ वाकवून पळावं लागतं बिचाऱ्याला.

आता तुमचा खरा प्रश्न नागपूरचा आहे, तो तुम्ही विचारला नाहीत पण मी सांगते. याला 20 ते 24 अंश मानवतं, तिशीच्या वर गेलं की धोका, आणि तुमच्याकडे मे महिन्यात वरच्या मजल्यावर काय होतं ते तुम्हाला माहितीये. दिवसभर एसी चालणारी खोली असेल तरच घ्या. एसीचा झोत थेट पिंजऱ्यावर नको. लाइट जाते तेव्हासाठी फ्रीजरमध्ये पाण्याची बाटली तयार ठेवा, फडक्यात गुंडाळून पिंजऱ्याला टेकवायची, शिवाय आत एक थंड फरशीचा तुकडा ठेवा. अंग पसरून मलूल पडला, लाळ गळायला लागली तर लगेच थंड खोलीत न्या आणि डॉक्टरांकडे पळा, गार पाण्यात बुडवू नका. असे छोटे प्राणी बघणारा डॉक्टर आधीच शोधून ठेवा, कारण लहान पिल्लांना शेपटीखाली ओलं होणारे जुलाब होतात, त्यात एक-दोन दिवसांत जीव जातो.

मुलीला एक गोष्ट आधी सांगा, तो दिवसभर झोपणार. शाळेतून आल्या आल्या उठवलं तर चावणार, चूक त्याची नाही. आठवडाभर हात लावायचा नाही, मग रात्री जेवणं झाल्यावर तळहातावर सूर्यफुलाची एक बी ठेवून हात पिंजऱ्यात नुसता टेकवून बसायचं. आधी मिशा हलतील, मग पुढचे दोन पाय बोटांवर येतील, बी गालात जाईल आणि स्वारी पळून जाईल. दुसऱ्या दिवशी परत तसंच.