मिन्सरच्या जॅकेटवर 2 अंश दिसतात, तरी चिकनचा खिमा 13 अंशांनी बाहेर येतो. नवा पीआयडी कंट्रोलर घ्यावा का?

एवढ्यात घेऊ नका.

भोसरीच्या तुमच्या युनिटमध्ये मिन्सरच्या (खिमा करायच्या मशीनच्या) जॅकेटमधून, म्हणजे बाहेरच्या पोकळ आवरणातून, ग्लायकॉल हे सहजी न गोठणारं गार द्रव फिरतं, डिस्प्ले 2 अंश दाखवतो, जाळीतून पडणारा खिमा मात्र 13 चा निघतो, आणि सप्लायर म्हणतो कंट्रोलर जुना झालाय, नवा पीआयडी बसवा, म्हणजे नुसतं चालू-बंद न करता ठरलेल्या तापमानाजवळ येताना जोर कमी-जास्त करणारा. मी औंधच्या आयटीआयमधून इन्स्ट्रुमेंट मेकॅनिक झालो आणि गेली अठरा वर्षं तळेगावच्या बाजूला चिकनच्या प्लांटमध्ये तापमानाचीच कामं बघतोय. तुम्ही लिहिलंय त्यावरून तरी तुमच्या कंट्रोलरचा काही दोष दिसत नाही. त्याला जॅकेट 2 वर ठेवायला सांगितलंय, तो ठेवतोय. आतल्या मांसाचं काय होतंय हे त्याला कळायची सोयच नाही, कारण सेन्सर ग्लायकॉलच्या पाइपात आहे.

खिमा तापतो तो घर्षणाने. स्क्रू मांस रेटतो, पाती जाळीवर घासतात, आणि मोटरची बरीचशी ताकद शेवटी उष्णता होऊन मांसातच उतरते. मांसातून उष्णता फार हळू वाहते आणि बॅरलमध्ये, म्हणजे स्क्रूच्या नळकांड्यात, ते थोडाच वेळ असतं. तेवढ्यात जॅकेट गार करतं ते भिंतीला लागलेला पातळ थर. मधला गोळा तसाच पुढे जातो. ग्लायकॉल उणे 5 वर नेलंत तर भिंतीवर मांस गोठून बसेल आणि मोटरवरचा लोड उलट वाढेल.

म्हणून आधी पाती बघा. खिम्याचे दाणे सुटे, स्वच्छ कापलेले दिसतात, की चरबी माखून सगळं पांढुरकं, चिकट होऊन येतंय? चिकट असेल तर मशीन मांस कापत नाहीये, चिरडतंय. पाती आणि जाळी यांची जोडी असते. एकाची धार लावली आणि दुसरी झिजलेलीच ठेवली तर काही उपयोग नाही. पुढची रिंग सैल राहिली तरी पाती-जाळीत फट पडून हेच होतं. माझ्या अनुभवात खिमा तापण्याचं सगळ्यात नेहमीचं कारण हेच निघालंय, आणि त्याचा खर्च कंट्रोलरच्या मानाने किरकोळ आहे.

दुसरं, मांस मिन्सरमध्ये जाताना किती अंशांवर आहे? 4 वर असेल तर घर्षणाची सगळी वाढ त्याच्या वर चढणार. आम्ही उणे 1 ते 0 च्या दरम्यान, किंचित कडक झालेलं मांस टाकतो. टेबलावर अर्धा तास पडलेला ट्रे मे महिन्यात कुठे जातो हे तुम्हाला मी सांगायला नको.

हा खिमा पुढे नगेट किंवा सॉसेजसाठी बाऊल चॉपरमध्ये (फिरत्या भांड्यात बारीक वाटणाऱ्या मशीनमध्ये) जात असेल, तर रेसिपीतल्या पाण्याऐवजी फ्लेक बर्फ घाला. एक किलो बर्फ नुसता वितळताना 80 किलोकॅलरी उष्णता ओढून घेतो. एक किलो गार पाणी एका अंशाने तापताना फक्त 1 घेतं. चाळीस किलोच्या घाण्यात सहा किलो बर्फ वितळला, तर मांस जवळपास 14 अंशांनी चढलं असतं एवढी उष्णता तो खाऊन टाकतो. चिकनचं मिश्रण मी 12 च्या पुढे जाऊ देत नाही. पुढे गेलं की प्रथिनांची पकड सुटायला लागते आणि शिजवताना चरबी-पाणी वेगळं होतं. मात्र नुसता खिमा म्हणून विकायचा असेल तर त्यात बर्फ घालू नका, ती भेसळ होईल.

आता मोजमाप. तुमचे 13 अंश कशाने मोजले ते तुम्ही लिहिलेलं नाही. इन्फ्रारेड गन असेल तर तो आकडा बाजूला ठेवा. ती फक्त पृष्ठभाग वाचते, आणि चकचकीत स्टीलवर तर हमखास चुकीचं सांगते. सुईचा प्रोब घ्या, प्रत्येक वेळी पुसून निर्जंतुक करा आणि खिम्याच्या ढिगाच्या मध्यात खुपसा. प्रोब तपासायला बारीक कुटलेला बर्फ आणि थोडं पाणी ढवळून त्यात धरा, 0 यायला हवं. उकळत्या पाण्यात बघणार असाल तर 100 ची वाट पाहू नका. पुणे समुद्रसपाटीपासून साधारण 560 मीटरवर आहे, इथे पाणी 98 च्या आसपासच उकळतं. एका नव्या मुलाने चांगला प्रोब दोन अंश चुकतो म्हणून बाद केला होता, तेव्हापासून ही गोष्ट मी प्रत्येकाला पहिल्याच दिवशी सांगतो. वर्षातून एकदा एनएबीएल या प्रयोगशाळांना मान्यता देणाऱ्या राष्ट्रीय मंडळाची मान्यता असलेल्या लॅबकडून कॅलिब्रेशन करून घ्या.

तुमच्या प्रश्नात कुकिंग चेंबरचाही उल्लेख आहे, त्यासाठी स्वतःवर गुदरलेलं सांगतो. मी आधी होतो त्या प्लांटमध्ये एका रात्री चेंबरच्या पीटी-100 या तापमानाच्या सेन्सरची केबल बदलली गेली. तीन तारांच्या जागी दोनच तारा ओढल्या आणि टर्मिनलवर लूप मारला. आकडा दिसत होता, म्हणून कुणाला शंका आली नाही. मलाही नाही. हा सेन्सर 0 अंशाला 100 ओहम असतो आणि दर अंशाला साधारण 0.385 ओहमने वाढतो. तारेचा 1 ओहम रोध त्यात मिसळला की कंट्रोलर अडीच अंशांहून जास्त चढवून दाखवतो. तिसरी तार असते ती हा रोध वजा करण्यासाठी. डिस्प्लेवर 74, प्रत्यक्षात सॉसेजच्या गाभ्यात 71 आणि काही. दुसऱ्या दिवशी हाताच्या प्रोबने तपासताना उघड झालं आणि अख्खी बॅच थांबवली. साल्मोनेला या विषबाधा करणाऱ्या जंतूंचा प्रश्न असताना चिकनच्या गाभ्यात 74 भरलेच पाहिजेत. कुणाचं तरी मूल ते खाणार असतं. तेव्हापासून केबलला हात लागला की प्रोब बर्फात धरून 0 बघितल्याशिवाय मी लाइन सुरू होऊ देत नाही.

पीआयडीचा खरा उपयोग अशा चेंबरमध्येच आहे. वाफेचा व्हॉल्व्ह नुसता चालू-बंद होत असेल तर तापमान वर-खाली झुलत राहतं. तिथे जरूर घ्या, पण ऑटोट्यून, म्हणजे कंट्रोलरने स्वतःच आपली सेटिंग शोधणं, माल भरलेला असताना करा. रिकाम्या चेंबरवर केलेलं ट्यूनिंग भरलेल्या चेंबरला लागू पडत नाही.

कोल्ड रूमबद्दल थोडक्यात: सेन्सर कॉइलच्या गार झोतात किंवा दारापाशी नको, परतीच्या हवेत हवा. वीज गेली तर दार उघडूच नका, आणि आली की हवेचा आकडा न बघता मालाच्या मधल्या क्रेटमध्ये प्रोब घाला.

उद्या सकाळी पहिल्या घाण्याला तीन आकडे घ्या: मांस आत जाताना, जाळीतून बाहेर पडताना, आणि पाती-जाळीची जोडी बदलून पुन्हा बाहेर पडताना. ते मला कळवा. पाती बदलूनही फरक पडला नाही, तर मग कंट्रोलरचं बोलू.